शोअर रोडवरची बंदी आणि तीन शिट्ट्या

कार्टर्स लँडिंग, ओंटारिओ
१२ मे

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांना,

तळ्याच्या काठावरून (हा काठ सध्या अत्यंत शांत आहे, का ते पुढे सविस्तर येईलच) गुरुदत्तचा कमरेत वाकून नमस्कार. सत्याहत्तराव्या वर्षी मला असं वाकता येतं हे तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मीच कळवतो. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? सांगलीत ऊन मी म्हणत असेल, तेव्हा दुपारचं बाहेर पडू नका, आणि लतावहिनींनाही गच्चीत पापडांची राखण करत बसू देऊ नका. आणि हो, तुमच्या कानातलं ते यंत्र कसं आहे? अजून मध्येच कुंई करतं का? मी आपलं काळजीपोटी विचारतो. माझ्या कानांचं म्हणाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, हे कान म्हणजे माझी खानदानी जहागीर.

तुम्ही म्हणाल, शीला दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, मग आजच्या दिवसात पोस्टाचं पत्र कशाला. कारण स्पष्टच लिहितो: तुमच्याकडचं नेटवर्क. गेली दोन वर्षं फोनवर तुमचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. लतावहिनींचा तर येतच नाही, नुसते ओठ हलतात. मी आपला अंदाजाने हसतो. कंपनी बदला, भाऊसाहेब. (शीला आणि आमची नात केया, दोघी म्हणतात की त्यांना सगळं स्वच्छ कळतं. पण या घरात माझी बाजू सोडून कुणाचीही बाजू घ्यायची पद्धतच आहे.)

तर बातमी. एक मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, दर शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, ब्याण्णव डेसिबलच्या वर आवाज करणारी मोटरसायकल आमच्या शोअर रोडवर आणायला बंदी झाली आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पिवळे बोर्ड लागले आहेत. आणि ही बंदी आणली कुणी? तर इचलकरंजीच्या एका शाळामास्तरांच्या मुलाने, जो चौऱ्याहत्तर साली एक सूटकेस आणि शीलाच्या भाषेत 'नको तेवढी मतं' घेऊन या देशात उतरला. अभिमान वाटू द्या, संकोच करू नका. मलाही वाटतो आहे, आणि मी तो मुळीच लपवत नाही.

आता तुम्हाला इथली भौगोलिक परिस्थिती समजली पाहिजे. आमचं गाव व्हिटबी शहरापासून अर्ध्या तासावर, तळ्याला चिकटून. निवृत्तीनंतर शीलाने हट्टच धरला की खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे, म्हणून इथे आलो. पाणी दिसतं, पण पाण्याच्या आणि खिडकीच्या मध्ये शोअर रोड दिसतो. इथले मोटरसायकलवाले हिवाळाभर गाड्या गराजमध्ये पांघरुणाखाली ठेवतात, आणि बर्फ वितळलं की सगळ्यांच्या एकदमच अंगात येतं. सुट्टीच्या दिवशी चाळीस-चाळीसचा जथा निघतो. आमच्या घरासमोर रस्त्याला वळण आणि वळणानंतर चढ, त्यामुळे गाडी पिळायची ती नेमकी आमच्या किचनच्या खिडकीखाली. कपाटातली भांडी हलतात. देवघरातला बाळकृष्ण गेल्या उन्हाळ्यात दोन इंच डावीकडे सरकला, हे मी मोजून पाहिलं आहे.

तरीही मी सहन करत होतो. (माझ्या सहनशीलतेबद्दल शीला वेगळं बोलते, तिकडे लक्ष देऊ नका.) पण गेल्या जूनमध्ये एका रविवारी तिने कुकर लावला आणि मला बजावलं की तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, मी खाली बेसमेंटमध्ये मशीनला कपडे लावते आहे. मी खुर्ची खिडकीशी ओढून कर्तव्यावर बसलो. तेवढ्यात मोटरसायकलींची फौज आली. एक तुकडी गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. आता या रणधुमाळीत शिट्टी ऐकू येणार कशी? डाळ लागली. (लागली हा शीलाचा सौम्य शब्द. केयाने झाकण उघडून 'आजोबा, धिस इज चारकोल' असा निकाल दिला.) पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तर घरभर धूर झाला आणि शेजारचा माणूस दार बडवत आत आला. त्याचं म्हणणं, तुमचा स्मोक अलार्म पाच मिनिटं बोंबलतोय, तुम्ही ठीक आहात ना? मी त्याला शांतपणे सांगितलं की अलार्मची बॅटरी संपलेली दिसते, कारण इथे काहीही बोंबलत नाही. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मी त्याच दिवशी बॅटरी बदलली, नंतर अख्खा अलार्म बदलला, पण नवाही तसलाच मुका निघाला. हल्ली कुठल्याच वस्तूत पूर्वीचा दम राहिला नाही.

त्या रात्री जेवताना शीला म्हणाली, तुमचे कान तपासून घ्या. भाऊसाहेब, तिने माझ्या अकलेबद्दल काही म्हटलं असतं तर मी वाटी पुढे करून आमटी मागितली असती. पण कान! एकतीस वर्षं मी वीजकेंद्रात टर्बाइनच्या शेजारी काढली. (कानात बोळे घालायची तेव्हा आम्हाला लाज वाटायची, ते नवख्यांचं काम.) कॉम्प्युटर यायच्या आधी तिथे माझे कान होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं की हे अजून सहा आठवडे काढेल. सहा आठवड्यांनी ते जायचं. दुसऱ्या पाळीचे गोरे इंजिनिअर मला घरून उठवून न्यायचे. निरोपाच्या समारंभात त्यांनी मला पितळी स्क्रू ड्रायव्हर दिला, तो दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलात. हा देश मला काय म्हणून ओळखतो ते त्या पेटीत आहे. मग आता ते कान डाळीवरून तपासायचे?

म्हणून मी लेखी करारच केला. तो अजून आमच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे. मजकूर असा: शोअर रोडवरच्या मोटरसायकली बंद झाल्यावर पहिल्याच रविवारी घरात कुकर लावण्यात येईल. गुरुदत्त याने खिडकीशी बसून बरोबर तिसऱ्या शिट्टीला स्टोव्ह बंद केला, तर त्याच्या कानांचा विषय या घरात पुन्हा कधीही निघणार नाही. न केल्यास तो हूं की चूं न करता कान तपासायला जाईल आणि जे घालायला सांगतील ते घालेल. साक्षीदार केया. शीलाने दुसऱ्यांदा न वाचता सही केली. मोटरसायकली कधी बंद होणारच नाहीत असं तिला वाटलं असणार, असा मी तेव्हा अर्थ लावला.

आणि मग मी कामाला लागलो. आवाज मोजायचं यंत्र मागवलं. वही केली. जून ते सप्टेंबर मी त्या खिडकीत बसून चारशे बारा नोंदी केल्या: तारीख, वेळ, दिशा, डेसिबल, शेरा. (शेऱ्याच्या रकान्यात पहिले काही दिवस 'निर्लज्ज' असं लिहिलं होतं, ते केयाने खोडायला लावलं, म्हणाली, 'दॅट्स नॉट डेटा.') हळूहळू मला डोळे मिटून कळायला लागलं की गाडी दोन सिलिंडरची आहे की चार, सायलेन्सर मूळचा आहे की काढून फेकलेला. मैलभरावरून कळायचं. छातीतच धडधड व्हायची. शीलाला मी दर खेपेला सांगायचो की बघ, ती आली, तिसऱ्या वळणावर आहे, तुला ऐकू तरी येतेय का? तिला नाही यायची. आणि ही बाई माझे कान तपासायला निघाली होती.

ऑक्टोबरात मी सह्या गोळा केल्या. त्रेसष्ट घरं पायी हिंडलो. लोकांनी चहा दिला, केक दिला, एका पंजाबी गृहस्थांनी 'भाईसाब, मेरा बेटा भी बाइक चलाता है, पर साइन मैं करूंगा, आप उसको बताना मत' असं म्हणून दाराआडून सही केली. थंडी पडली, रस्ता सुना झाला, बाकीचे आवाजाचं विसरून दारातलं बर्फ शोव्हलने उपसायला लागले, पण मी विसरलो नाही. बर्फात कोण मोटरसायकलीविरुद्ध लढतं? मी लढलो. डिसेंबरात टाउन हॉलला पत्र, जानेवारीत आठवण, फेब्रुवारीत आठवणीची आठवण. तिथली मुलगी मला फोनवर आवाजावरून ओळखायला लागली. (तिचा आवाज मात्र फारच पुटपुटता, त्यामुळे मी शेवटी प्रत्यक्षच जायचो.)

मार्चमध्ये सुनावणी लागली. हॉल भरलेला. एका बाजूला आम्ही नागरिक, दुसऱ्या बाजूला चामड्याची जाकिटं. त्यांचा पुढारी डग नावाचा, दाढी छातीपर्यंत, मनगटावर गोंदलेला गरुड, आणि दोन्ही कानांत तुमच्यासारखीच यंत्रं. चाळीस वर्षं मोटरसायकल चालवल्याचं हे फळ, असं मी शीलाला कोपराने ढोसून दाखवलं. ती म्हणाली, हो का. मला पाच मिनिटं दिली होती. मी चौदा मिनिटांचं भाषण तयार केलं होतं, ते पाच मिनिटांत बसवण्यासाठी वेगाने वाचलं. त्यात इतिहास होता, विज्ञान होतं, नोंदवही होती आणि शेवटी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवसाचा उल्लेख होता. टाळ्या पडल्या. मग केयाने लॅपटॉप जोडून पुरावा ऐकवला: ऑगस्टमधल्या एका रविवारी आमच्या किचनच्या खिडकीत केलेलं रेकॉर्डिंग. भिंती हादरल्या, भाऊसाहेब. जमिनीतून पोटात गेलं. मी बेअरिंगला कान लावावा तसे डोळे मिटून उभा होतो.

रेकॉर्डिंग संपलं आणि डगने हात वर केला. त्याने विचारलं की मोटरसायकलींच्या वर ती शिट्टी कसली आहे. अध्यक्षबाईही म्हणाल्या की हो, मलाही ऐकू आली, बऱ्याच वेळा आली, ती कसली? सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी क्षणभर थांबलो. (चांगला वक्ता थांबतो.) आणि मग ठामपणे म्हणालो, 'मॅडम, दॅट इज अ बर्ड.' एकदा पक्षी म्हटल्यावर मग मला तो दिसायलाच लागला. मी सांगितलं की हा या किनाऱ्यावरचा भित्रा पक्षी आहे, गाड्यांचा आवाज वाढला की जीव खाऊन ओरडतो, आणि आता त्याचं ओरडणंसुद्धा कुणाला ओळखू येत नाही, ही या गावाची शोकांतिका आहे. पक्षीमित्र मंडळाच्या एक बाई उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या की मी वहीत लिहून घेतलंय, सात हाका, सारख्या अंतराने, सुरुवातीला फुसफुस आणि मग उंच सूर, असा पक्षी मी आयुष्यात ऐकला नाही, याचं नाव काय? मी नम्रपणे सांगितलं की मी इंजिनिअर आहे, नाव ठेवायचं काम तज्ज्ञांचं. मागे शीलाने पदर तोंडावर धरला होता. तिला भरून आलं असणार. केया टेबलाखाली काहीतरी शोधत होती ती मतदान होईपर्यंत वर आलीच नाही.

ठराव एकमताने मंजूर. गावच्या साप्ताहिकात माझा फोटो आला, खाली 'रस्त्याचा आणि पक्ष्याचा राखणदार' अशा अर्थाची ओळ. कात्रण सोबत जोडलं आहे, ते तुमच्या परीक्षितलाही दाखवा. पक्षीमित्र मंडळ गेले दोन शनिवार आमच्या मागच्या अंगणात दुर्बिणी लावून बसतं. शीला त्यांना चहा देते आणि ते असेपर्यंत स्वयंपाक करत नाही. सभेनंतर तो डग कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळ आला, हात मिळवला आणि माझ्या डोक्याच्या एका बाजूकडे बघत हळूच काहीतरी म्हणाला. हरलेल्या माणसाचं ऐकून घ्यायला माझी ना नव्हती, पण त्याचा आवाजच खाली गेला होता. मी 'थँक यू, थँक यू' म्हणून पुढे झालो.

आणि मग दोन तारखेचा शनिवार उजाडला. सकाळी नऊ वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. एकही गाडी नाही. लोक कॉफीचे कप घेऊन बाहेर आले. कुणी मला हात केला, कुणी मिठी मारली. पलीकडच्या आजीबाई काठी टेकत आल्या आणि मेपलच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'लिसन!' सगळ्यांनी माना तिरक्या केल्या. सगळ्यांचे चेहरे एकदम लहान मुलांसारखे झाले. मीही मान तिरकी केली. भाऊसाहेब, ही शांतता मी आणली. ज्या देशात उतरल्यावर पहिला हिवाळा मी कुणी नावाने हाक मारील म्हणून वाट बघत काढला, त्या देशातला एक रस्ता आज माझ्या शब्दावर गप्प बसतो. बाबा असते तर त्यांनी हे शाळेच्या फळ्यावर लिहिलं असतं.

रविवारचं काय झालं असं तुम्ही विचाराल. पण कागद संपत आला, आणि डाकेची वेळही झाली. लतावहिनींना नमस्कार, परीक्षितला आणि सूनबाईंना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला (आणि शोअर रोडचा),
गुरुदत्त

ता. क. एक छोटं काम. तिकडे भांड्यांच्या बाजारात जरा मोठ्या आवाजाच्या शिट्टीचा कुकर मिळतो का बघा. अगदी मोठ्या. दुकानदाराला लावून दाखवायला सांगा, आणि शिट्टी रस्त्यापलीकडे ऐकू जाते ना ते बघा. इथल्या हवेत शिट्टी बारीक होत असावी.

ता. क. दुसरा. शीला कधी ना कधी तुम्हाला सांगणारच आहे, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. रस्ता रिकामा. खिडकी बंद. शीलाने कुकर लावला, स्टोव्हपासून माझी खुर्ची पाच पावलं. शीला आणि केया टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या. मी सुद्धा बसलो, विजयी मुद्रेने. घरात इतकं शांत होतं की मला माझ्या स्वतःच्या श्वासाचा अभिमान वाटत होता. मी पहिल्या शिट्टीची वाट बघत राहिलो. बराच वेळ झाला. मी मनात म्हटलं, डाळ जुनी असणार, वेळ लागतो. मग शीला उठली, तिने स्टोव्ह बंद केला आणि येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी चिडलो, म्हटलं अजून एकही झाली नाही, तू मध्येच का बंद केलास, हा करारभंग आहे. केया माझ्याकडे बघेना. शेवटी म्हणाली, 'आजोबा, दॅट वॉज सेव्हन.' सात, भाऊसाहेब. पाच पावलांवर. शीला काही म्हणजे काही बोलली नाही. पन्नास वर्षांत तिने सोडून दिलेली ही पहिली संधी आहे, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मोटरसायकली मला ऐकू येत होत्या, बाकी जगाचंच काही येत नव्हतं, आणि मी उन्हाळाभर खिडकीत बसून नेमक्या त्याच हाकलून लावल्या.

ता. क. तिसरा. त्या पक्ष्याचा आता उलगडा झाला असेलच. तो आमच्याच स्वयंपाकघरातला, पाच लिटरचा. शीलाला आणि केयाला हॉलमध्येच कळलं होतं, पण दोघींनी चारचौघांत मला उघडं पाडलं नाही. सभागृहापुढे मी खोटं बोललो नाही, मला खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं; पण ते कबूल करण्यापेक्षा मला अख्खा पक्षी जन्माला घालणं सोपं वाटलं. पक्षीमित्र मंडळाच्या बाईंना मी काल जाऊन खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की मला ते दिसलं. (ठराव कायम आहे, त्रेसष्ट सह्या आणि चारशे बारा नोंदी खऱ्याच आहेत, तेवढं मी अध्यक्षबाईंकडून लेखी घेतलं.) आणि डग कॉरिडॉरमध्ये काय म्हणाला तेही कळलं, कारण त्याच्याही घरी जाऊन मी विचारलं, आणि त्याने या वेळी मोठ्याने सांगितलं. तो म्हणाला होता, 'विच साइड इज वर्स, बडी?' त्याला पहिल्या मिनिटात कळलं होतं. त्याने गाडीला नवा सायलेन्सर बसवला आहे, आवाज शहाऐंशी, मी स्वतः मोजला आणि त्याला शाबासकी दिली. पुढच्या मंगळवारी मला त्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे तो नेणार आहे.

ता. क. चौथा, आणि पत्र खरं तर याच्यासाठी होतं. परीक्षितच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर मी तुमच्या यंत्राला ट्रान्झिस्टर म्हणालो होतो. क्रिकेटचा स्कोर लावा म्हणालो होतो. लोक हसले, मला फार बरं वाटलं. तुम्हीही हसलात, आणि यंत्र काढून कोटाच्या खिशात ठेवलंत, ते संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. हे मी तेव्हा पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला कुकरच्या त्या रविवारी लागला. नंतर मंगलाष्टकं झाली. तुम्ही अंतरपाटाजवळ उभे होतात, अक्षता टाकत होतात, सगळ्यांबरोबर हसत होतात. भाऊसाहेब, तुम्हाला त्यातलं काही ऐकू आलं होतं का? आपल्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नातलं? मला माफ करा असं लिहायला हे पत्र सुरू केलं होतं, आणि बघा, कुठून कुठे हिंडून आलो. माफ करा. आता तुमच्या यंत्राचं सगळं सविस्तर लिहून पाठवा: कुठल्या कानापासून सुरुवात केलीत, चष्म्याच्या काडीत अडकतं का, पहिल्या दिवशी पहिलं काय ऐकू आलं. आणि हेही लिहा की पहिल्यांदा घालून लोकांत गेल्यावर लाज वाटते का, आणि वाटत असेल तर किती दिवस. शीलाला यातलं काही बोलू नका. तिला मी रुबाबात सांगितलं आहे की करार म्हणजे करार, मला काही वाटत नाही.

हे लिहिता लिहिता खांद्यावर हात पडला. शीला मागे उभी आहे. किती वेळ, असं विचारलं तर तिने दोन्ही हातांची सगळी बोटं दाखवली. मला पाऊल वाजलेलं कळलं नाही. पेन मागते आहे.

भाऊ, मी शीला. दहा मिनिटं उभी होते, दोनदा खोकलेसुद्धा. मंगलाष्टकांचं मला इतकी वर्षं माहीत नव्हतं रे, तू एका शब्दाने बोलला नाहीस. मंगळवारी मीही बरोबर जाणार आहे, हे त्यांना आणि त्या डगला अजून सांगितलेलं नाही. कुकर पाठवू नकोस, आहे तो चांगला आहे. यंत्राचं त्यांनी विचारलंय ते सगळं खरं खरं लिही. फक्त लाजेचं तेवढं खोटं लिही, दोन दिवसांत जाते म्हणून. आत्ताच डाळ लावली आहे, ते खिडकीशी जाऊन बसलेत, पाकीट मी चिकटवते.